मधी माणूस पाहिजे

नांदेडला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला पाणी विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, घरी टेप आहे का. आमच्याकडं गाणं वाजवणाऱ्या कुठल्याही यंत्राला टेपच म्हणतात, मग त्यात पेन ड्राइव्ह खुपसा नाहीतर मोबाईल जोडा. मी म्हणाले, आहे, वडिलांनी लग्नात दिलेला, दोन बॉक्सवाला. "दोन बॉक्स" ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं आणि म्हणाले, सामान कधी आणता. माझा नवरा भाड्याचं विचारायला गेला तर ते हाताने माशी उडवावी तसं करून म्हणाले, ते काकूला विचारा.

शहाण्या माणसानं तिथंच ओळखायला पाहिजे होतं. पण वरची खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, माझं कृषी खात्याचं ऑफिस जवळ होतं आणि नवऱ्याला देगलूरच्या शाळेत जायला एसटी तिठ्यावर मिळायची. आम्ही राहायला गेलो. सामान चढवून झालं, अजून गॅसची शेगडी जोडली नव्हती, तोवर काका हातात पेचकस घेऊन दारात हजर. दोरीत बांधलेली भांडी ओलांडून ते थेट बॉक्सच्या मागं जाऊन बसले.

आयुष्यभर वीज मंडळात काढलेला माणूस. ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले, हिमायतनगरपासून देगलूरपर्यंत खांब मोजत फिरले आणि रिटायर होऊन नांदेडात घर बांधलं. उंच, काटक, अंगात कायम बंडी, आणि मान किंचित वर, कुणीतरी लांबून हाक मारतंय असं ऐकत असल्यासारखी. कॉलनीत सगळे त्यांना तोंडावर काका आणि माघारी फेजवाले काका म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं. त्यांना ती पदवी वाटायची.

त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की आमच्या घरात ते म्हणीसारखं झालं होतं. "मधी माणूस पाहिजे." म्हणजे असं. दोन बॉक्स असतात, पण गाणारी बाई एकच असते. वायरी नीट लावल्या असतील तर तिचा आवाज डावीकडून येत नाही आणि उजवीकडून पण येत नाही. दोन बॉक्सच्या बरोबर मधी, जिथं नुसती भिंत आहे, तिथून येतो. डोळे मिटले तर बाई तिथंच गात असते. आणि एका बॉक्सची वायर उलटी लागली तर बाई तिथून उठून जाते. आवाज तर असतो, पण कुठून येतोय ते सांगता येत नाही. ढोलकी पातळ होते. डोकं जड होतं. लोकांना वाटतं टेप जुना झाला, आणि ते नवा आणतात, आणि त्याची पण वायर उलटी लावतात.

कामून असं होतं, हे त्यांनी मला पाळण्यावरून समजावलं होतं. दोघी जणी एक पाळणा हलवायला लागल्या, एक पुढं ढकलते तेव्हाच दुसरी मागं ओढते, तर पाळणा हलंल का? बॉक्समधला पडदा पण असाच पुढं-मागं हलतो. दोन्ही पडदे एकदम पुढं आले पाहिजेत, एकदम मागं गेले पाहिजेत. एक पुढं आणि एक मागं झाला की हवा तिथल्या तिथं जिरते. ह्यालाच ते फेज चुकली म्हणायचे. वायरीला दोन तारा, दिसायला सारख्या, घाईत कुठली कुठं जाते बघायला कुणाला वेळ आहे. कॉलनीतल्या निम्म्या घरात उलटं आहे, असं ते सांगायचे, आणि सांगताना असे हळहळायचे की जणू लोकांच्या घरात साप निघालाय.

वायर सुलटी की उलटी हे बघायची एक साधी रीत आहे. पेन्सिल सेल घ्यायचा, वायरीच्या दोन टोकांना क्षणभर लावायचा. पडदा टचकन बाहेर आला की सुलटी, आत गेला की उलटी. कुणालाही जमेल. काकांना ती रीत माहीत होती आणि तिचा त्यांना तिटकारा होता. डोळ्यानं ऐकणाऱ्या लोकांचा खेळ, म्हणायचे. त्यांची स्वतःची रीत म्हणजे बोट. तुम्हाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे, गाणं लावायचं आणि म्हणायचं, बाई कुठं हाय ते बोटानं दाखवा. बोट न थरथरता मधी गेलं तर वायर बरोबर. बोट हवेत फिरायला लागलं की वायर उलटी.

आमच्या नव्या घरात शेगडीच्या आधी माझी बोटाची परीक्षा झाली. मी घामानं निथळत होते, पोटात कावळे कोकलत होते, आणि हा माणूस सांगतोय डोळे मिटा. मिटले. बोट कुठं करावं कळेना. नवरा हसायला लागला. काकांनी एका बॉक्सच्या तारा अदलाबदल केल्या, पेच आवळले आणि परत गाणं लावलं. आता खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. लग्नापासून तो टेप मी ऐकत होते, आणि त्यात एवढ्या जवळ बसून कुणी गातंय हे मला माहीतच नव्हतं. मी बोट केलं. काका म्हणाले, "हाव. तिथंच हाय ती." आणि खाली निघून गेले.

तर माणूस असा होता. वेडा म्हणावा तर म्हणता येत नव्हतं, आणि शहाणा म्हणावा तर पुढच्याच गोष्टीत तुमची पंचाईत व्हायची.

कॉलनीत एक म्हातारे गुरुजी वारले. आम्ही सगळे भेटायला गेलो. फोटोला हार घातलेला, मेणबत्त्या लावलेल्या, कोपऱ्यात टेपवर हळू आवाजात बुद्धवंदना चाललेली. सगळे माना खाली घालून बसलेले. काका माझ्या शेजारीच बसले होते, आणि मला दिसत होतं की ते बसल्या जागी वळवळायला लागलेत. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काही उपयोग झाला नाही. उठले, फोटोच्या मागनं वाकून गेले आणि बॉक्सच्या मागं अर्धे गडप झाले. मध्येच वंदना बंद पडली. गुरुजींचा मोठा मुलगा लाल झाला. मग वंदना परत सुरू झाली, आणि म्हणणाऱ्याचा आवाज बरोबर फोटोच्या खालून यायला लागला.  परत येताना काकू मला म्हणाल्या की त्यांना कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. काका मात्र पुढं चालत होते आणि झोप झालेल्या माणसासारखे ताजेतवाने दिसत होते.

लातूरचा किस्सा मी बघितला नाही, पण काकूंकडून इतक्यांदा ऐकलाय की बघितल्यात जमा आहे. लेकीची सोयरीक लातूरला जुळत आली होती. मुलाकडं बैठक. पोहे झाले, चहा झाला, बोलणी जवळजवळ झाली, आणि मुलाच्या वडिलांनी हौसेनं आपला नवा टेप लावून दाखवला. काकूंनी मनातल्या मनात हात जोडले. काका उठले, मागं जाऊन बघितलं. लाल तारेला लाल, काळीला काळी, बाहेरून सगळं बरोबर. तरी बाई मधी नाही. दुसरा कुणी असता तर गप बसला असता. काकांनी खिशातून पेचकस काढला आणि होणाऱ्या व्याह्यांचा बॉक्स त्यांच्यादेखत जाजमावर उघडला. आतली जोडणी कुणीतरी दुरुस्तीत उलटी करून ठेवली होती.  बायका आतल्या खोलीत कुजबुजायला लागल्या. लेकीचं लग्न मोडलं असं समजून काकू पदराने डोळे पुसत होत्या. काकांनी आतल्या तारा सोडवून जोडणी सुलटी केली, बॉक्स बंद केला, व्याह्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, डोळे मिटा. लग्न झालं. लेक सुखात आहे. पण तिच्या सासरी अजून कुणी नवीन वस्तू पाहुण्यांसमोर लावत नाही म्हणे.

त्यांच्या स्वतःच्या खालच्या खोलीत तर कायदाच होता. दोन बॉक्स, त्यांच्यासमोर एक खुर्ची, बाकी काही नाही. काका डोळे मिटून बसायचे आणि तासभर हलायचे नाहीत. आवाज जाड-बारीक करायची बटणं असतात ना, बास वाढवायचं, ट्रेबल वाढवायचं, त्यांना हात लावणारा माणूस त्यांच्या लेखी दूध पातळ झालं म्हणून त्यात पीठ घालणारा होता.

असं सगळं नीट चाललेलं असताना, एका उन्हाळ्यात मी ऑफिसातून आले, टेप लावला, आणि बाई मधी नाही. मागं बघितलं तर एका बॉक्सच्या तारा उलट्या. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, दुपारी काका येऊन गेले. मला वाटलं चुकून झालं असेल. मी तारा सुलट्या केल्या. दोन दिवसांनी परत उलट्या. आता मात्र माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खाली जाऊन मी म्हणाले, काका, तुम्हीच लावलेली वायर तुम्हीच कामून फिरवून राहिले? ते म्हणाले की आधी माझंच चुकलं होतं, आता बरोबर केलंय, बाई एका बाजूला सरकत होती. मी म्हणाले, आता तर ती घरातच नाही. ढोलकी पण गेली. त्यावर ते काय म्हणाले असतील? बास वाढवा.  हा माणूस बास वाढवा म्हणतोय, म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण मी रागात होते. मी म्हणाले, माझ्या घरात परत यायचं असेल तर मी असताना या.

मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मला अडवलं. दुकानामागंच त्याचं घर. तो म्हणाला, ताई, काका येऊन तार फिरवून गेले, तेव्हापासून गाणं अगदी पांचट लागतंय, सांगू कसं, मोठा माणूस. असंच त्याच्या शेजारच्यांकडं. इतक्या वर्षांत घरोघर फिरून जे सुलटं केलं होतं, ते काका आता घरोघर फिरून उलटं करत होते.

त्यातच त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, असं मला वाटलं. जिन्यात मी उभी, ते शेजारून गेले, मी काका म्हणून हाक मारली, त्यांनी बघितलं पण नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी जाऊन काकूंना म्हणाले, एवढा कसला राग काकांना, मी काय त्यांचा टेप फोडला का?

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रागावले न्हाईत गं. त्या बाजूनं ऐकू येत न्हाई त्यांना."

डावा कान. उन्हाळा लागला तेव्हापासून. काकूंना आधी संशय आला, मग खात्री झाली, आणि तेव्हापासून त्या जेवायला पण त्यांच्या उजव्या हाताला बसायला लागल्या होत्या. खालच्या टेपचं पण तेच चाललं होतं. काका रोज बॉक्स सरकवायचे, वायरी बदलायचे, अँप्लिफायर खोलून बघायचे, आणि काकूंवर खेकसायचे की झाडताना धक्का लावला असंल. त्यांच्या कानात बाई उजवीकडं सरकत होती. तारा उलट्या केल्या की ती उजवीकडून सुटायची, म्हणजे कुठंच नसायची, आणि त्यांना वाटायचं जमलं.

मी म्हणाले, काकू, तुम्ही मूग गिळून काय बसलात? आमच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं होतं, डॉक्टर त्याला म्हणाले, लगेच आला असतास तर काहीतरी करता आलं असतं. दिवस घालवून कसं चालेल? त्या मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांच्यापाशी दुसरं काय हाय? कान तेवढा हाय. तो गेला म्हनून मी सांगू?"

 पण काकूंसारखं गप बसणं माझ्या रक्तात नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी पेन्सिल सेल घेऊन खाली गेले. काकांच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले की आपलं भांडण एकदाचं मिटवून टाकू, आज तुमच्याच टेपवर. सेल बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. मी ऐकलं नाही. एका बॉक्सला सेल लावला, पडदा उलटा आत गेला. मी त्याच्या तारा फिरवल्या. परत लावला, पडदा बाहेर. दुसऱ्याचाही बाहेर. काकांना ते दिसत होतं. 

मग मी म्हणाले, काका, आता तुम्ही बोट दाखवा.

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी म्हणालं नसेल. ते हसले, खुर्चीत बसले, लहान मुलाचं मन राखावं तसे डोळे मिटले. मी एक गाणं लावलं, एकाच बाईचा आवाज, मागं ढोलकी आणि पेटी. बाई बरोबर मधी गात होती. काकांनी हात उचलला आणि सरळ उजव्या बॉक्सकडं बोट केलं. जराही थरथर नाही.

डोळे उघडून त्यांनी आपल्याच बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, दोन्ही बॉक्सच्या वायरी एकमेकांना बदला, डावीची उजवीला. मी बदलल्या. डोळे मिटले. बोट उजवीकडंच. ते उठले. मला वाटलं आता चिडणार, मला घर खाली करायला सांगणार. त्यांनी खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून ठेवली, बॉक्सकडं पाठ करून. बसले, डोळे मिटले. आता उजव्या हाताला दुसरा बॉक्स आला होता, मघाशी डावीकडं होता तो. बोट त्याच्याकडं गेलं.

गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. हात खाली घेतला नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि आणलेला सेल कुठं लपवावा कळत नव्हतं.

"वायर बदलली, दोष तिथंच ऱ्हायला," ते म्हणाले. आवाज एकदम ऑफिसातला, लाईनमनला समजावून सांगताना लागत असेल तसा. "खुर्ची फिरवली, दोष खुर्चीबरोबर फिरला. म्हंजे दोष वायरीत न्हाई. मशिनीत न्हाई. खुर्चीत बसलाय."

मग त्यांनी मान वळवून काकूंना विचारलं, तुला मालूम होतं? काकूंनी होकाराची मान हलवली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, सदरा काढून ठेव, सकाळी दवाखान्यात जाऊ.

डॉक्टरांनी तपासलं. औषधं दिली. पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की बराच उशीर झालाय, आणि तसंच झालं. डाव्या कानाचं थोडंसं परत आलं, बाकीचं आलं नाही. मशीन लावा म्हणाले. काकांनी मशीन लावून बघितलं आणि काढून ठेवलं. त्यातून बोलणं कळतं, म्हणाले, पण बाई काही मधी येत नाही, ती उजवीकडंच बसून राहते.

काही दिवस खालून गाण्याचा आवाज आला नाही. काकू वर येऊन बसायच्या आणि काहीबाही बोलायच्या. मी त्यांना विचारलं, काय करतात? म्हणाल्या, बसतेत. मला भीती वाटायला लागली की मी हे करायला नको होतं का. नवरा म्हणाला, तू नसतं केलंस तर अख्ख्या कॉलनीच्या वायरी उलट्या झाल्या असत्या. त्याला अशा वेळी पण चेष्टाच सुचते.

मग एक दिवस काका सदरा घालून, पेचकस घेऊन बाहेर पडले. बरोबर काकू. पहिल्यांदा किराणावाल्याकडं गेले. मी दुकानातच साखर घेत होते म्हणून बघायला मिळालं. दुकानात चार माणसं उभी होती. त्या सगळ्यांच्या समोर काका म्हणाले, "माझा डावा कान गेलाय. तुझी वायर मी उलटी करून गेलो व्हतो. बरोबर करायला आलो." त्या दुकानदाराला कुठं बघावं कळेना. तो म्हणाला, अहो काका, असू द्या, आमचं काय. काका म्हणाले, असू कशाला देतो, आणि आत गेले.

आत गेल्यावर त्यांनी खिशातून सेल काढला. दोन्ही पडदे बघितले, तारा फिरवल्या, पेच आवळले. मग काकूंना बॉक्ससमोर बसवलं आणि गाणं लावलं. म्हणाले, "बग, मधी हाय का?" काकूंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसल्या. मग हाव म्हणाल्या. काकांनी पेचकस खिशात घातला.

असे ते सगळ्या घरी गेले. जिथं जिथं उलटं केलं होतं तिथं तिथं, आणि प्रत्येक ठिकाणी आधी स्वतःचा कान गेल्याचं सांगून. शेवटी आमच्या घरी आले. आमच्याकडं मी सुलटं केलेलंच होतं, पण त्यांनी सेल लावून बघितला, आणि मग काकूंना बसवलं, आणि विचारलं, मधी हाय का. काकू हाव म्हणाल्या.

काकू चहा करायला माझ्याबरोबर आत आल्या. मी म्हणाले, काकू, तुम्हाला तर यातलं चांगलंच कळतं की. त्या हसून तोंडाला पदर लावून म्हणाल्या, मला कुठलं कळतंय बाई, ते सेल लावून आधीच नीट करतेत, मंग न्हाई म्हनायचं कशाला.

मला राहवलं नाही. माझं तोंड म्हणजे असं आहे. काकू चहा गाळत होत्या तेवढ्यात मी बाहेर येऊन काकांच्या उजव्या बाजूला बसले आणि विचारलं की सेल लावून खात्री होते ना, मग काकूंना कशाला विचारता, त्यांना यातलं काय कळतं?

"काई कळत न्हाई," ते म्हणाले. "मला मालूम हाय ते."

"मग?"

"मी आजवर डोळे मिटूनच बसलो. गाणं ऐकताना काकू कशी दिसती, ते मी कवा बगितलंच न्हाई." मग म्हणाले, "आता तिला बसवतो अन् बगतो."

काकू चहा घेऊन आल्या त्या त्यांच्या डाव्या बाजूनं. चहा घ्या म्हणाल्या. काका बॉक्सकडं बघत बसले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. काकूंनी परत हाक मारली नाही. कप सांभाळत खुर्चीला वळसा घालून त्या उजव्या अंगाला आल्या आणि म्हणाल्या, चहा घ्या, निवायला लागलाय.